तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त फुकट घेता, मग बिल कसलं लावता?

मांडवात शिबिर लागलं की कोणीतरी विचारतंच, "काका, आमच्याकडून रक्त फुकट घेता, पेशंटला पिशवीमागे हजार-दीड हजार लावता, मग देणाऱ्याला पाचशे दिले तर बिघडलं कुठे?" प्रश्न रास्त आहे, चिडण्यासारखं त्यात काही नाही.

बिलाचं पटकन उरकतो. ते रक्ताचं नसून पिशवी, एचआयव्ही, कावीळ बी-सी, सिफिलिस, मलेरियाच्या टेस्ट, घटक वेगळे करणं, फ्रीज, स्टाफ यांचं असतं. सरकारने त्याला मर्यादा घातलीय, लाल पेशींच्या पिशवीला सरकारी ब्लड बँकेत ११००, खासगीत १५५०.

आता पाचशेचं. हा प्रयोग आपल्याकडे करून झालाय. रक्त विकून पोट भरणारी माणसं होती, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये त्यावर निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. लोकांना वाटतं पैसे घेतले की पुण्य जातं म्हणून बंदी. मला पुण्याचं काही पडलेलं नाही. मला फॉर्मची काळजी आहे. रक्त घ्यायच्या आधी जो फॉर्म भरून घेतात ना, कावीळ झाली होती का, गोळ्या चालू आहेत का, त्यावर सगळा खेळ असतो, कारण नवीन लागण झालेली असेल तर काही दिवस टेस्टमध्ये ती दिसतच नाही आणि तेवढ्या दिवसांत फक्त देणाऱ्याचं खरं बोलणं पेशंटला वाचवतं. ज्याला संध्याकाळचं रेशन त्या पाचशेतून आणायचंय तो "हो, झाली होती कावीळ" असं का लिहील?

आणि यासाठी गरीबच असावं लागतं असं नाही हं. पेठेतल्या एका मंडळाने गणपतीत रक्तदात्यांना हेल्मेट दिलं होतं, मी मदतीला होतो. पुण्यात हेल्मेट कोणी घालत नाही, पण रांग पार चौकापर्यंत! एक पोरगा भर उकाड्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून, का तर आत ताजा टॅटू, आणि टॅटूनंतर वर्षभर रक्त देता येत नाही. पाचशेच्या वस्तूसाठी चांगल्या घरचा मुलगा लपवालपवी करतो. म्हणून माझ्या हिशेबात हेल्मेट, बॅगा, टिफिन हे सगळं पैशाचं पाकीटच. चहा, बिस्किट, सर्टिफिकेट, बास. त्या दिवशीची पगारी सुट्टी मात्र कंपनीने जरूर द्यावी, आणि डॉक्टरने रक्त न घेता परत पाठवलं तरी ती बुडता कामा नये.

"मग अमेरिकेत कसे देतात?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. तिथे पैसे मिळतात ते मुख्यतः प्लाझ्माचे, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवाचे, तो आठवड्यात दोनदासुद्धा देता येतो कारण लाल पेशी परत शरीरात सोडतात. तो प्लाझ्मा कारखान्यात जातो, तिथे उष्णता नाहीतर केमिकलने व्हायरस मारतात आणि मग औषध बनतं. ही प्रक्रिया नीट बसायच्या आधी, ७०-८० च्या दशकात, पैसे देऊन जमवलेल्या, अगदी तुरुंगातल्या कैद्यांच्यासुद्धा, अमेरिकन प्लाझ्माचं फॅक्टर आठ हे रक्त गोठायला मदत करणारं औषध ब्रिटनमधल्या हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याच्या आजाराच्या, पेशंटना दिलं गेलं आणि कित्येकांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी, म्हणजे तीच कावीळ सी, झाला. त्याचा चौकशी अहवाल २०२४ मध्ये आला. आज प्लाझ्माच्या औषधात तो धोका खूप कमी झालाय हे मान्य. पण लाल पेशींची पिशवी तशी तापवता येत नाही, ती आहे तशी पेशंटच्या शिरेत जाते. त्यामुळे तिकडचा नियम इकडे जसाच्या तसा लावता येत नाही.

प्लाझ्मा निघालाच आहे तर माझीही एक तक्रार. तुमच्या-माझ्या फुकट दिलेल्या रक्तातला जास्तीचा प्लाझ्मा ब्लड बँका औषध कंपन्यांना देतात, २०१५ मध्ये त्याला लिटरला १६०० रुपये दर ठरवला होता. हे कायदेशीर आहे, आणि वाया घालवण्यापेक्षा बरंच, त्यातून अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन अशी औषधं बनतात. पण शिबिरात हे कोणी सांगतं का? तुम्ही चिडता ते खरं तर यावर चिडायला हवं. मला पैसे नकोत, पण वर्षाला किती लिटर दिला, किती आले आणि ते कुठे लागले, एवढं शिबिराच्या बॅनरवर छापा की. जागा भरपूर असते, निम्मा बॅनर तर नगरसेवकांच्या फोटोंनीच भरलेला असतो.