आमची वाटचाल : १५जीबीचा बिल्ला

आमच्या गॅरेजला बोर्ड लागला तो सहाव्या वर्षी. त्याआधी गॅरेज म्हणजे गोव्यात फोंड्यातल्या घराची मागची पडवी, आणि पडवीत एकच गाडी : माझी स्वतःची एमजीए १५००, म्हणजे जुनी विलायती स्पोर्ट्स कार. सासष्टीतल्या एका जुन्या वाड्याच्या आवारात ती झावळ्यांच्या मांडवाखाली कित्येक पावसाळे पडून होती. भंगारवाला देणार होता त्यापेक्षा दोन हजार जास्त मोजले आणि टेम्पोत घालून घरी आणली. आईनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘‘अरे, हिच्या दाराला मूठ कुठे?’’ या उघड्या एमजीएला बाहेरून मूठ नसतेच. हात आत घालून दोरी ओढायची, दार उघडतं. दोरी कुजून गेली होती. तिच्या जागी मी सुतळी बांधली. त्या गाडीवर केलेलं माझं पहिलं काम ते.

दारं, बॉनेट आणि डिकी ॲल्युमिनियमची म्हणून टिकली होती, पण जिथं ॲल्युमिनियम लोखंडाला टेकतं तिथं खाऱ्या हवेनं पांढरी भुकटी धरली होती. तळ मात्र पार गेला होता. एमजीएचा तळ प्लायवूडचा असतो. विलायतेहून फळ्या मागवायच्या तर वर कस्टम ड्युटी, आणि माझ्या खिशात तेव्हा बसभाड्यापुरते पैसे असायचे. दुर्भाटला नदीकाठी होड्या बांधणारा एक मेस्त होता. त्याच्याकडे जुन्या फळ्यांचे तुकडे घेऊन गेलो. त्यानं एक तुकडा नखानं खरवडला, वास घेतला आणि म्हणाला, ‘‘हे होडीचंच काम.’’ मरीन प्लाय त्यानं मापात कापला, भोकं पाडली, आणि मग काजूच्या टरफलांचं तेल गरम करून कडांना पाजलं. पाजलंच म्हणतो मी, कारण ब्रश फिरवून तो थांबायचा, लाकूड तेल पिऊन कोरडं दिसलं की पुन्हा फिरवायचा. असे चार हात. ते तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखं सोलतं. त्याच्या मनगटावर जुने डाग होते. मजुरी त्यानं घेतली नाही, पुढच्या गाडीपासून निम्मी भागी घेतली. अकरा वर्षं तो माझा भागीदार होता. त्यानं घातलेली एकही फळी मला आजवर बदलावी लागलेली नाही.

इंजिनाचं बेळगावला केलं. क्रँक गोणपाटात गुंडाळून कदंबच्या बसमध्ये पायाशी ठेवायची आणि ग्राइंडिंगला न्यायची. तिथल्या पार्टवाल्यानं गास्केट हातात घेऊन सांगितलं, ‘‘ही तर अँबॅसिडरची.’’ तिथंच माझा सगळा धंदा उभा राहिला. एमजीए १५०० आणि आपली अँबॅसिडर, दोघींचं इंजिन बीएमसी या विलायती कंपनीच्या एकाच बी-सिरीजचं : १४८९ सीसी, बोअर ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९. बेअरिंग, टायमिंग चेन, गास्केट मी अँबॅसिडरची घातली. पिस्टन नाही घातले. अँबॅसिडरचं कॉम्प्रेशन कमी, गाडी मेल्यासारखी चालते. पिस्टन आणि दोन एसयू कार्ब्युरेटरच्या सुया तेवढ्या बाहेरून मागवल्या. चौथ्या पावसाळ्यानंतर गाडी सुरू झाली. आधी कवळ्याला देवीपुढे नारळ फोडला आणि मग फर्मागुढीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये काढला.

त्यानंतर गिऱ्हाइकं येत गेली. बोर्ड लागला, दोन पोरं कामाला ठेवली, बरं चाललं.

आता बिल्ल्याचा प्रसंग. दुसऱ्या तालुक्यात एक गॅरेजवाला आहे, नाव घेत नाही. पाना कसा धरायचा हे तो माझ्याकडेच शिकला होता. बार्देशातल्या एका गिऱ्हाइकाची एमजीए आमच्याकडे उघडून पडली होती. हा सहज म्हणून आला, चहा प्याला, आणि कपाटावर रचलेल्या अँबॅसिडरच्या गास्केटच्या खोक्यांचा फोटो काढून घेऊन गेला. त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, याने तुमचं मूळ इंजिन विकलं आणि अँबॅसिडरचं बसवलं. गिऱ्हाइकानं विचारायला फोनसुद्धा केला नाही. सरळ क्रेन पाठवली आणि अर्धवट जोडलेली गाडी उचलून नेली. माझे २ लाख ८० हजार अडकले. महिन्याभरात आणखी तीन गाड्या गेल्या. पोरांचा पगार द्यायला बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्या. माझ्या एमजीएला गिऱ्हाईक बघायला लागलो. जुन्या गाड्यांच्या रॅलीच्या वेळी लोक मला बघून बोलणं थांबवायचे. चोर म्हणवून घेणं काय असतं ते मी त्या वर्षी भोगलं.

लोटलीचे एक पात्रांव, म्हणजे जुने जमीनमालक, माझे दुसरे गिऱ्हाईक. वय ऐंशीच्या पुढे, गाडी त्यांच्या वडिलांनी पोर्तुगीज राजवटीत घेतलेली. त्यांनी काय केलं, तर गावच्या फेस्ताला त्या बार्देशच्या गिऱ्हाइकाला गाडी आणि आरसी बुक घेऊन जेवायला बोलावलं. मलाही बोलावलं. जेवणाआधी स्वतः बॉनेट उघडलं, रॉकेलचा बोळा घेतला आणि ब्लॉकला रिव्हेट मारलेला बिल्ला पुसत बसले. काळं निघालं, अक्षरं दिसली : १५जीबी, ही एमजीए १५०० च्या इंजिनाची खूण, आणि पुढे नंबर. एकेक आकडा मोठ्यानं वाचून त्यांनी बुकाशी ताडला. मग एवढंच म्हणाले, ‘‘हें इंजिन हेच गाडयेचें.’’ बाकी कोणी बोललं नाही. आठ दिवसांनी त्यांनी स्वतःची गाडी कामाला पाठवली. काम फारसं नव्हतंच, पण सगळे पैसे आगाऊ दिले. त्या पैशांतून पाटल्या सोडवल्या.

घरी गाडी उभी करणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. सगळ्यात आधी इंची पाने घ्या, उसने नकोत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तिथं तेराचा पाना सैल बसतो आणि नटाची डोकी गोल होतात. तशा गोल डोक्यांच्या गाड्या माझ्याकडे दर वर्षी येतात. बॅटरी जोडण्याआधी बघा, या गाड्यांचं अर्थिंग अधिक (+) टोकाला असतं. नेहमीच्या सवयीनं उणे (−) टोक बॉडीला लावलं तर कटआउट, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरीमधला स्विच, जळू शकतो. एसयू कार्ब्युरेटरचा पिस्टन बोटानं उचलून सोडा, ‘टक्’ असा आवाज यायला हवा. नाही आला तर जेट मध्यावर नाही. उगाच मिक्श्चरचा स्क्रू पिळत बसू नका. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुने रबरी पाइप खातं. पाइप आधी बदला, रंगाचं नंतर बघा. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीची फी २० हजार. पण जुना नंबर चालू असेल तर तो सोडू नका.

मेस्त गेला, पात्रांवही गेले. त्यांची मुलगी दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, गाडी घेऊन येते आणि काम होईपर्यंत पडवीतच बसून राहते. तो दुसऱ्या तालुक्यातला गॅरेजवाला आता स्वतः बेळगावहून अँबॅसिडरची गास्केट नेतो, त्याच दुकानातून. दुकानदारानंच मला सांगितलं. बार्देशची ती गाडी हिवाळ्यात रॅलीला दिसते. तिची बेअरिंगं मी बसवलेली आहेत, आवाजावरून कळतं. त्या गिऱ्हाइकानं फेस्तानंतर निम्मे पैसे दिले. १ लाख ४० हजार अजून यायचे आहेत.