सोमवार कुठे टाकायचा? रोम-फ्लोरेन्सचं आमचं नियोजन

आईने पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना ती मायकेलअँजेलो समजावून सांगायची, तोही पुस्तकातल्या टिकलीएवढ्या फोटोवरून. ती निवृत्त झाली तेव्हाच मी ठरवलं होतं, तिला हे सगळं प्रत्यक्ष दाखवायचं.

आधी एका टूर कंपनीकडे गेले. सात दिवसांत पाच शहरं, त्यात फ्लोरेन्सला तीन तास! आईच्या गुडघ्याला ते झेपलं नसतं आणि तिच्या पाहण्याच्या पद्धतीलाही. एका चित्रापुढे ती अर्धा तास सहज उभी राहते. म्हणून शहरं दोनच घेतली, रोम आणि फ्लोरेन्स. मधला प्रवास रेल्वेने. मग कॅलेंडर घेऊन स्वतःच बसले.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते सोमवाराने. फ्लोरेन्सची उफ्फिझी गॅलरी सोमवारी बंद. मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा जिथे आहे ती अकादेमियाही सोमवारी बंद. रोमची बोर्गेझे गॅलरी, तीही सोमवारी बंद. आणि व्हॅटिकनची म्युझियम्स महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी उघडत नाहीत. तीनदा आखणी खोडली. शेवटी सुचलं, की सोमवार प्रवासालाच देऊन टाकावा! गुरुवारी रोमला उतरायचं, शुक्रवारी व्हॅटिकन, शनिवारी बोर्गेझे, रविवारी कोलोसियम, सोमवारी गाडी, मंगळवारी उफ्फिझी, बुधवारी डेव्हिड. रोमला चार रात्री, फ्लोरेन्सला तीन. परतीचं विमान फ्लोरेन्सहूनच घेतलं, म्हणजे पुन्हा रोमला येण्यात दिवस गेला नाही. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तो आम्ही खालूनच पाहायचं ठरवलं.

स्वस्तातलं रेल्वे तिकीट आधी काढून ठेवायचा मोह आवरला, कारण त्याचे पैसे परत मिळत नाहीत आणि व्हिसा तर हातात नव्हता. रद्द करता येतील अशी हॉटेलं, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, रोजचा कार्यक्रम, एवढं जोडून अर्ज केला. पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर दिसलं त्याच रात्री तिकिटं काढली. तिथे एक चूक होता होता वाचली. सगळ्यात स्वस्त दिसणारी गाडी प्रादेशिक होती, साडेतीन तासांच्या वर घेणारी. वेगवान गाडीला साधारण दीड तास पुरतो. स्टेशनांची नावंही नीट वाचावी लागतात. रोमला तेर्मिनी आणि तिबुर्तिना वेगळी, आणि फ्लोरेन्सचं मुख्य स्टेशन म्हणजे सांता मारिया नोव्हेला, जे 'फिरेंझे एस. एम. एन.' असं लिहिलेलं असतं (फिरेंझे हे फ्लोरेन्सचं इटालियन नाव).

एवढं करूनही तेर्मिनीवर माझे हातपाय गार पडले. बोर्डावर फिरेंझे कुठेच नाही! पाच मिनिटं शोधलं. मग लक्षात आलं, बोर्डावर शेवटचं स्टेशन लिहितात. आमची गाडी पुढे मिलानला जाणारी होती. तिकिटावरचा गाडी क्रमांक जुळवला आणि जिवात जीव आला. तुम्ही जाल तेव्हा नाव शोधू नका, क्रमांक शोधा. फलाटाचा आकडाही गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो, तेव्हा सामान आटोपशीर हवं.

या मार्गाचा पहिला टप्पा १९७७ मध्ये सुरू झाला, युरोपातल्या पहिल्या वेगवान रेल्वेमार्गांपैकी हा एक. वाटेत कड्यावर बसलेलं ओर्व्हिएतो दिसलं, आणि आईने वही उघडेपर्यंत मागे पडलंसुद्धा.

सोमवार रिकामा आहे असं मी धरून चालले होते. पण स्टेशनसमोरच सांता मारिया नोव्हेला याच नावाचं चर्च आहे आणि ते उघडं होतं. हॉटेलवर बॅगा टाकून आम्ही तिथे गेलो. आत डाव्या भिंतीवर मासाच्चो या चित्रकाराचं 'त्रिनिता' हे भित्तिचित्र, साधारण १४२७ चं. सपाट भिंतीवर रंगवलेली कमान, पण खोल दालन उघडल्यासारखी. आईने एक डोळा मिटला, पेन्सिल धरून हात लांब केला आणि चित्रातल्या छताच्या रेषा मापायला लागली.

"बघ, सगळ्या रेषा क्रुसाच्या पायथ्याशी मिळतात. पाहणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर. व्हॅनिशिंग पॉइंट मुलांना मी फळ्यावर काढून दाखवायचे ना, तो हा."

मग तिने वही काढली. मी बाकावर बसून राहिले. चर्च बंद व्हायची वेळ होईपर्यंत आम्ही तिथेच होतो.