पिंढरीतले गोळे आणि गळ्यावरचा व्रण

डिसेंबरात नाशिकच्या माझ्या ओपीडीत हातापायांच्या तक्रारींची रीघ लागते. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षांची विरळणी जोरात असते. बाया सकाळपासून मांडवाखाली मान वर करून कात्री चालवतात, त्यात निफाडचा पारा घसरलेला. त्यामुळे "रात्री पिंढऱ्यांत गोळे येतात, बोटं आखडतात" असं कुणी म्हटलं की घरचे, शेजारचे, कधीकधी डॉक्टरही सांगून मोकळे होतात: काम आणि थंडी, दुसरं काय!

त्या दिवशी आलेल्या मावशींनाही दोन वर्षं हेच ऐकवलं गेलं होतं. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) वय पन्नाशीचं. मुलाने पिशवीतून जाडजूड फाइल काढली. कमरेचा एमआरआय, बी-१२ ची इंजेक्शनं, व्हिटॅमिन डीची पाकिटं, मलमं, सगळं होतं. रक्तातलं कॅल्शियम तपासल्याचा एकही कागद मात्र नव्हता.

"गोळे तर सगळ्यांनाच येतात हो डॉक्टर," मावशी म्हणाल्या, "पण माझ्या हातातली कात्री सुटतच नाही. दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवावं लागतं."

इथे मी लिहिणं थांबवलं. म्हातारपणी रात्री येणारा साधा गोळा बहुधा पोटरीत किंवा तळपायात येतो, एका बाजूला येतो, पाय ताणला की सुटतो. दोन्ही हात आखडणं ही वेगळी गोष्ट आहे. मी विचारलं, "तोंडाभोवती, ओठांना मुंग्या येतात का?" त्यांनी मुलाकडे पाहिलं. "येतात. पण ते काय सांगायचं कुणाला?"

गळ्याभोवती लोकरीचा स्कार्फ घट्ट गुंडाळलेला होता. तो काढायला सांगितला, तेव्हा मानेच्या घडीत लपलेला आडवा व्रण दिसला. गाठीचं ऑपरेशन, दहा-बारा वर्षांपूर्वीचं. थायरॉईडची गोळी त्या एकही दिवस न चुकता घेत होत्या. कॅल्शियमचं काय? "ती ताकदीची गोळी ना? बरं वाटायला लागल्यावर बंद केली."

ती ताकदीची गोळी नव्हती. थायरॉईडच्या मागे मसुराच्या दाण्याएवढ्या, बहुतेकांना चार, पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. थायरॉईड काढताना त्यांचा रक्तपुरवठा दुखावला जाऊ शकतो, कुशल सर्जनच्या हातूनही. कॅल्शियम उतरलं की नसा विनाकारण पेटतात आणि स्नायू आखडतात.

मी बीपीचा पट्टा दंडावर बांधला, वरच्या आकड्यापेक्षा 20 ने जास्त फुगवला आणि तसाच ठेवला. तीन मिनिटांपर्यंत थांबायचं असतं. आधी अंगठा हळूहळू तळव्याकडे ओढला गेला. मग मनगट वाकलं, बोटं मुळाशी दुमडली पण पुढे ताठच राहिली, एकमेकांना चिकटून. मावशींनी दात आवळले. मुलगा उठून उभा राहिला: "हेच! वावरात अस्संच होतं!" हवा सोडली, तसा हात सावकाश उलगडला. एकोणिसाव्या शतकातल्या आर्मां ट्रूसो या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. तिला महागडं यंत्र लागत नाही, म्हणूनच ती मला फार मोलाची वाटते.

ईसीजीत क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबलेला होता. म्हणजे हृदयालाही धोका. घरी पाठवणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी रिपोर्ट आले. कॅल्शियम 6.1, जे साधारण 8.5 ते 10.5 असायला हवं. फॉस्फरस वाढलेला, पॅराथायरॉईडचं हार्मोन नगण्य, आणि मॅग्नेशियमही कमी. ते कमी का, याचं उत्तर पिशवीच्या तळाशी सापडलं: मेडिकलमधून आणून दोन वर्षं रोज घेतलेली ॲसिडिटीची कॅप्सूल. या गटातल्या औषधांनी मॅग्नेशियम उतरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्येच दिला आहे. मॅग्नेशियम उतरलं की उरलंसुरलं हार्मोनही नीट काम करत नाही. इतकी वर्षं कसंबसं निभावलं आणि दोन वर्षांपूर्वीच का बिनसलं, ते तेव्हा उलगडलं.

मॉनिटर लावून शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट अगदी सावकाश दिलं, मॅग्नेशियम दिलं. ओठांच्या मुंग्या त्याच रात्री कमी झाल्या. मुलाचा प्रश्न रास्त होता: डीची एवढी पाकिटं पाजली, ती कुठे गेली? साधं व्हिटॅमिन डी मूत्रपिंडात कामाच्या रूपात बदलावं लागतं, आणि तो हुकूम पॅराथायरॉईडचं हार्मोन देतं. हुकूम देणारंच नाही, तर पाकिटं पडून राहतात. म्हणून त्यांना तयार रूप, म्हणजे कॅल्सिट्रिऑल, लागतं.

सगळ्यांच्याच पिंढरीतल्या गोळ्यांमागे असं काही दडलेलं नसतं, हेही सांगायला हवं. उतारवयातल्या पुष्कळांना कारण सापडतच नाही. त्यांना मी झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायला सांगतो, आणि गोळा आलाच तर पायाचा पंजा नडगीकडे ओढायला. क्विनाइनने गोळे कमी होतात, पण रक्तातल्या प्लेटलेट आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ते मी देत नाही. पण आधी विचारतो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी आहे का? कोलेस्टेरॉलची? दम्याचा पंप? मधुमेह, मूत्रपिंड, लिव्हर? सातपूर-अंबडच्या भट्टीवर काम करणाऱ्याला विचारतो, घाम किती आणि मीठ किती. चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की लगेच उतरते, तो गोळा नसतो. तिथे रक्तवाहिनी किंवा कमरेचा मणका पाहावा लागतो. गोळे येण्याबरोबर स्नायू बारीक होत असतील, त्यांत सतत फडफड असेल, तर मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे पाठवायला मी एक आठवडाही घालवत नाही.

मावशींची ॲसिडिटीची कॅप्सूल आता बंद आहे. कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल आयुष्यभर लागणार, हे त्यांना फारसं रुचलं नाही. "बरं वाटल्यावरही?" त्यांनी दोनदा विचारलं. हो, बरं वाटल्यावरही. कॅल्शियम आम्ही मुद्दाम 8.5 च्या जरासं खालीच ठेवतो, कारण हार्मोन नसताना जादा कॅल्शियम लघवीवाटे वाहतं आणि मुतखडे होतात. थायरॉईडच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं, तेव्हा वेळापत्रक त्यांच्या कामाला धरूनच बसवलं: पहाटे पाचला उपाशीपोटी थायरॉईडची, दहाच्या सुमारास मांडवाखालच्या भाकरीबरोबर कॅल्शियमची. लघवीतलं कॅल्शियम तपासायला त्या द्राक्षांची तोड उरकली की येणार आहेत.