पियानो चालू असताना

‘अंधाधुन’ या हिंदी सिनेमाचं दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी वर्णन लिहायचं काम आलं, तेव्हा मी सगळ्यात आधी पियानोचा प्रसंग काढून बसले. आमच्या कामात दोन संवादांमधली फट शोधायची आणि तेवढ्यात बोलून मोकळं व्हायचं. चार सेकंदांत नऊ-दहा शब्द मावतात. या प्रसंगात मात्र बराच वेळ कुणी बोलतच नाही. बोलतो तो पियानो, आणि त्याच्यावर माझा आवाज चढला की प्रसंग मेलाच.

समन्वयक म्हणाले, “प्रेताचं उशिरा सांगा, धक्का बसेल.” मला रागच आला. सिनेमात इतकी वर्षं काढलेल्या माणसांनाही धक्का आणि उत्कंठा एकच वाटतात. रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉकनं १९६२ सालच्या मुलाखतीत त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला हाच फरक समजावला होता. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तो तिथे आहे हे आधी सांगितलं तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. ‘अंधाधुन’चा दिग्दर्शक श्रीराम राघवननं इथे तेच केलंय. आंधळेपणाचं सोंग घेतलेल्या पियानोवादक आकाशला दिसतं हे आपल्याला ठाऊक, घरातला खून लपवणाऱ्या सिमीला नाही. बॉम्ब म्हणजे त्याचे डोळे.

मी भांडून माझंच ठेवलं: “जमिनीवर सिमीच्या नवऱ्याचं प्रेत. आकाशला ते दिसतं. तो वाजवत राहतो.” सिमी आणि तिचा प्रियकर मनोहर आवाज न करता, खाणाखुणांनी सगळं आवरतात, हे त्यानंतर घेतलं.

चाचणीला आलेल्यांत एक जन्मांध तबलावादक होते. प्रसंग संपल्यावर ते म्हणाले, “ताई, ती दोघं चोरपावलांनी वावरतात हे फार उशिरा सांगितलंत. मी तेच शोधत होतो. खोलीत माणसं आहेत आणि पावलं नाहीत. पियानोखालूनही कळतं ते.”

“काका, पण त्याला दिसतं, हे आधी यायला नको?”

“त्याला दिसतं हो. मला ऐकू येतं.”

त्या दोघांच्या चोरपावलांचं वाक्य मी शोभेचं समजून शेवटी टाकलं होतं. डोळ्यांचा हिशेब इतका चोख मांडला आणि कानांचा विचारच केला नाही, तोही अशा श्रोत्यांसाठी. ते अजून सलतंय.

आता पावलांचं वाक्य वर घेतलं की प्रेताचं दोन सेकंद मागे जातं, आणि आकाशची नजर तोवर तिथून हललेली असते. दोन्ही एका फटीत बसत नाहीत. दोन्ही तऱ्हांनी ध्वनिमुद्रण करून ठेवलंय. शुक्रवारी त्यातलं एक द्यायचंय.