जपानी पानांवरची अक्षरं परत आणताना

सरांच्या जपानी व्याकरणाच्या पानांवर पुण्यातल्या आमच्या कितीतरी बॅचेस शिकल्या. ती पानं नव्या सर्व्हरवर हलवली आणि अक्षरांच्या जागी सगळीकडे काळ्या शंकरपाळीत पांढरं प्रश्नचिन्ह दिसू लागलं. इंग्रजी अर्थ तेवढे शाबूत. जपानीत अशा विस्कटलेल्या मजकुराला मोजिबाके म्हणतात. पानं दुरुस्त करायचं काम मी मागून घेतलं.

अशा वेळी ब्राउझरमधला मजकूर कॉपी करून सेव्ह करू नये. ते प्रश्नचिन्ह म्हणजे न कळलेल्या बाइटच्या (फाइलमध्ये अक्षरं ज्या आकड्यांत साठवतात, त्यातल्या एकाच्या) जागी ब्राउझरने ठेवलेली खूण. तीच सेव्ह झाली की मूळ अक्षर गेलं. सर्व्हरवरची फाइल मात्र जशीच्या तशी असते. मी आधी त्या सगळ्या फाइल्सची प्रत बाजूला काढून ठेवली.

पानं शिफ्ट-जिस एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या एका जपानी पद्धतीत होती. सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना एकाच यादीत क्रमांक देणारं युनिकोड रुळण्याआधी जपानी संगणकांवर ते सर्रास चालायचं. फायरफॉक्सच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ आहे, ते दाबताच अख्खं पान वाचता आलं आणि जीव भांड्यात पडला. क्रोममधून एन्कोडिंग निवडायचा मेनू केव्हाच काढून टाकलाय, त्यामुळे विद्यार्थ्यांना ‘तुमचं तुम्ही बदलून घ्या’ सांगण्यात अर्थ नव्हता.

मग अडलं कुठे? पानांच्या मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्याच कोडमधल्या त्याची माहिती देणाऱ्या ओळीत, शिफ्ट-जिस व्यवस्थित लिहिलेलं होतं. पण नवा सर्व्हर प्रत्येक पानाबरोबर हेडरमध्ये, म्हणजे पानासोबत पाठवलेल्या माहितीत, यूटीएफ-८ हे युनिकोडचं एन्कोडिंग कळवत होता, आणि दोघांचं जुळलं नाही तर ब्राउझर हेडरचंच ऐकतो. जुना सर्व्हर काहीच कळवत नसे, म्हणून इतकी वर्षं निभावलं. नुसता हेडर बदलूनही भागलं असतं. पण सर्व्हर पुन्हा कधीतरी बदलणारच. म्हणून फाइल्सच यूटीएफ-८ मध्ये न्यायचं ठरवलं.

त्यासाठी आयकॉन्व्ह ही कमांड आहे. तिला ‘शिफ्ट-जिस’ सांगितलं तर ती एका फाइलवर अडून बसली. कारण निघालं सरांनी उदाहरणांना घातलेले वर्तुळातले आकडे. ते मूळ शिफ्ट-जिसमध्ये नाहीतच. विंडोजच्या विस्तारित रूपात, म्हणजे सीपी९३२ मध्ये आहेत. ते नाव दिल्यावर सगळ्या फाइल्स सुरळीत पार पडल्या. मेटा टॅगमध्येही यूटीएफ-८ केलं, कारण पान उतरवून घेऊन डिस्कवरून उघडलं की हेडर नसतो, तेव्हा टॅगच कामी येतो.

बरेच जण इथे थांबतात. पण एका विद्यार्थिनीच्या फोनवर ‘हाड’ या अर्थाची कांजी, म्हणजे जपानीत वापरलं जाणारं चिनी चित्राक्षर पाहिलं, तर वरच्या भागातला छोटा चौकोन डावीकडे होता. चीनमध्ये तो डावीकडे काढतात, जपानमध्ये उजवीकडे. युनिकोडमध्ये दोन्हींना क्रमांक एकच. कोणतं रूप दिसेल ते फॉन्टवर ठरतं. भाषा सांगितलेली नसेल तर फोन चिनी फॉन्टही उचलू शकतो. जी मुलं स्क्रीनवर बघून वहीत अक्षर गिरवतात, ती चुकीचंच वळण शिकणार. हे मला अजिबात चालण्यासारखं नव्हतं. जपानी मजकुराच्या टॅगमध्ये भाषा सांगणाऱ्या लँगला ‘जेए’ हा जपानीचा कोड घातला आणि चौकोन उजवीकडे आला.

आपल्या ल आणि श चंही असंच आहे. त्यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी, क्रमांक मात्र तेच. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, आणि लँगला ‘एमआर’ दिलं की मराठी वळण उमटतं. सरांच्या धड्यांना आता मी मराठी अर्थही जोडतेय, आणि त्या प्रत्येक परिच्छेदाला हा कोड आठवणीने देतेय.