पीएचडीसाठी पैसे भरायला निघालात? आधी हे वाचा

परवा इथे इंदूरला रामबागेत दादाकडे गेले तर तो चेकबुक काढूनच बसलेला. भाचीची एमएस्सी फिजिक्स झालीय, जर्मनीत पीएचडी करायचीय, आणि कोणी एक एजंट ॲडमिशन करून देतो म्हणून दीड लाख मागतोय. मी म्हटलं थांब रे, एक पैसा देऊ नकोस.

मुलांनो, नीट ऐका. सायन्सची पीएचडी तिकडे बहुतेक वेळा नोकरी असते, जाहिरात निघते, इंटरव्ह्यू होतो, पगार मिळतो. जर्मन जाहिरातीत टीव्ही-एल ई13 दिसलं की तो पगाराचा ग्रेड समजायचा, आणि पुढे 67% किंवा 75% लिहिलेलं असलं तर पूर्ण पगारातला तेवढा हिस्सा. आमची पोरगी महिनाभर युनिव्हर्सिट्यांच्या ॲडमिशनच्या पानांवर शोधत होती, तिथे कसं सापडणार, या जागा नोकऱ्यांच्या पानावर असतात, नाहीतर युराक्सेस या युरोपातल्या रिसर्चच्या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर. आणि मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशावर चालणाऱ्या पीएचडीच्या जागांना अट अशी की ज्या देशात जायचं तिथे गेल्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, म्हणजे इथून थेट अर्ज करणाऱ्याला ही अट आडवी येतच नाही.

मग तिचे मेल बघितले. चाळीस प्रोफेसरांना एकच मेल, 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ हार्डवर्किंग स्टुडंट'. उत्तर एकाचंही नाही. मला फार वाईट वाटलं कारण पोरीने काम खरंच छान केलंय! विचारलं, डिझर्टेशनमधे काय अडलं होतं गं? म्हणाली आत्या, मी बनवलेल्या कोबाल्ट फेराइटच्या एक्सआरडीत, म्हणजे एक्स-रेने पदार्थ तपासतात त्या ग्राफमधे, एक पीक, म्हणजे उंच टोक, जास्तीचा यायचा, तो हेमॅटाइटचा, म्हणजे नको असलेल्या लोखंडाच्या ऑक्साइडचा निघाला, मग भट्टीचं तापमान बदलून बदलून घालवला, दोन महिने गेले त्यात. अगं मग हेच लिही ना! रात्री दोघींनी बसून एकाच प्रोफेसरचा पेपर वाचला, आणि सात ओळींचा मेल लिहिला, त्यात तो पीक, आणि त्यांच्या पेपरातल्या एका ग्राफवर तिला पडलेला खरा प्रश्न.

आणि हो, इंदूरच्या मुलांनी इंदूर विसरू नये. खंडवा रोडला यूजीसी-डीएई हे रिसर्च सेंटर आहे, तिकडे आरआरकॅट या सरकारी रिसर्च संस्थेत इंडस-2 सिंक्रोट्रॉन, म्हणजे खूप प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र आहे, देशभरातले रिसर्चवाले त्यावर प्रयोग करायला इथे येतात, सिमरोलला आयआयटी आहे. सीएसआयआर नेट या परीक्षेत जेआरएफ, म्हणजे रिसर्चसाठीची ज्युनियर फेलोशिप, मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000, मग एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो झालं की 42,000, घरभाडं वेगळं. फक्त नेट पास आणि जेआरएफ यात गोंधळ करू नका, नुसत्या नेटवर फेलोशिप मिळत नाही.

त्या मेलला सहाव्या दिवशी उत्तर आलं. सध्या जागा नाही, पण प्रोजेक्ट मंजूर झाला तर जाहिरात काढू, तेव्हा नक्की अर्ज कर, आणि खाली तिच्या प्रश्नाचं चार ओळींत उत्तर. तिने ते मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. आता दुसऱ्या प्रोफेसरचा पेपर घेऊन बसलीय, आणि जेआरएफची तयारीही चालू आहे.