अंतर पाळायला जागा नव्हती, वेळ वाटून घेतली

कोरोनात ‘घरातच राहा, सहा फुटांचं अंतर ठेवा,’ असं टीव्हीवर दिवसभर सांगायचे, तेव्हा आम्ही सहा जण दहा बाय बाराच्या खोलीत बसून ते ऐकत होतो. ठाण्याच्या लोकमान्य नगरातली आमची चाळ. वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी, संडास गल्लीच्या टोकाला, सार्वजनिक. गल्ली एवढी अरुंद की समोरासमोरच्या दोघी उंबऱ्यावर बसल्या तर गुडघ्याला गुडघा लागतो.

25 मार्च 2020 पासून सगळं बंद. वागळे इस्टेटमधलं माझं पॅकिंगचं काम गेलं, ह्यांची रिक्षा उभी राहिली. एरवी आमच्यात कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला, पोरं शाळेत. म्हणून त्या खोलीत भागायचं. आता सगळे एकाच वेळी घरात. वस्त्यांमधली गर्दी लॉकडाऊनने कमी नाही झाली, वाढली. दुपारी पत्रा तापला की पोटमाळ्यावर जीव घुसमटायचा आणि माणसं गल्लीत यायची. त्यांना बेफिकीर म्हणणाऱ्यांनी एप्रिलची एक दुपार त्या पत्र्याखाली काढायला हवी होती.

घरातली सोय आम्ही लावली. हे रात्री रिक्षातच झोपायचे. सासूबाईंचं अंथरूण दाराशी, वारा लागेल असं. दार रात्रीही उघडं. खरा प्रश्न संडासाचा होता.

सकाळी सहा ते आठ तिथे नुसती झुंबड. खोकणारा, तंबाखू थुंकणारा, लेकराला कडेवर घेतलेली, सगळे एकाला एक चिकटून. मी आणि शेजारच्या मावशींनी घरोघर फिरून आधी विचारलं, कोणाला कधी जावं लागतं? बायका सांगायला लाजत होत्या, पण सांगितलं. मग खोल्यांप्रमाणे वेळा ठरवल्या. म्हाताऱ्यांना आणि औषध घेणाऱ्यांना सगळ्यात आधी. नळावर हंडे रांगेला लावायची सवय होतीच, तेच इथे केलं: डबा रांगेत, माणूस आपल्या दारात. गल्लीतली दोन पोरं पाळी आली की हाक मारायची. बाहेर आलेल्याने फिनाईलचं पाणी ओतायचं, दार सताड उघडं ठेवायचं आणि पुढच्याने लगेच आत शिरायचं नाही. हा आजार श्वासातून पसरतो, बंद जागेत हवा कोंडून राहते; म्हणून ते थांबणं मला फिनाईलपेक्षाही महत्त्वाचं वाटायचं.

ताप-खोकला असलेल्यांसाठी कडेची एक सीट वेगळी ठेवली. त्यावरून भांडणं झाली. ‘तिकडे गेलं की अख्ख्या गल्लीला कळतं, आमच्याकडे बघत पण नाहीत कोणी,’ एक वहिनी रडत म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. मग ज्या घरात ताप असेल त्या घराचं पाणी आणि किराणा शेजाऱ्यांनी दाराशी ठेवायचा, असं ठरलं. त्यानंतर लोक ताप लपवायचे कमी झाले. रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळायला लागलं, त्याचाही आधार झाला. पोटाला असेल तरच माणूस घरात थांबतो.

जूनमध्ये सासूबाईंना ताप आला, रिपोर्ट पॉझिटिव्ह. घरी ठेवायचं तर वेगळी खोली हवी, असा नियम. आमच्याकडे कुठली? अँब्युलन्स आली तेव्हा सासूबाई माझा हात सोडेनात. ‘अगं, तिथे मला कोण ओळखतं?’ त्यांच्या बटव्यात बीपीच्या गोळ्या आणि ह्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घातली. नातवाने फोन कसा उचलायचा ते दोनदा दाखवलं. आम्हा बाकीच्यांना दुसऱ्याच ठिकाणी क्वारंटाईन केलं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, ‘जेवले गं,’ एवढंच बोलायच्या, आणि तेवढ्यावर माझी रात्र निघायची. त्या बऱ्या होऊन आल्या. आम्ही परतलो तर मावशींनी दाराशी दोन हंडे भरून ठेवले होते.

जुलैत ठाण्यात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, 2 ते 19 तारीख. तेव्हा आमच्या वेळा बसलेल्या होत्या. 2021 च्या दुसऱ्या लाटेत मात्र कंपन्या चालू, सगळ्यांनाच सकाळी घाई. मग ड्युटीवर जाणाऱ्यांना आधी सोडलं आणि घरी असणाऱ्यांनी नऊनंतरची वेळ घेतली. म्हाताऱ्यांचा नंबर आम्ही हलू दिला नाही.

स्वच्छ भारतच्या नियमात सामुदायिक शौचालयात 25 बायकांमागे एक सीट धरली आहे. एकीला पाच मिनिटं म्हटली तरी दोन तासांच्या वर जातात. म्हणजे नियम तंतोतंत पाळला तरी सकाळची गर्दी होणारच. आम्ही सह्या करून अर्ज दिला, त्यात सीटा वाढवा एवढंच लिहिलं नाही. वर हवा जायला मोठे झरोके, आत पाण्याचा नळ आणि बायकांच्या बाजूला दिवा, हेही लिहिलं. साथ असो नसो, हे आम्हाला हवंच आहे.